न उभ्या राहिलेल्या १३५० मेगावॅटचं पाणी

आमच्या वाशिमच्या शेजारी, अमरावतीजवळ नांदगाव पेठला २७० मेगावॅटचे पाच कोळसा-संच उभे आहेत. दुसऱ्या टप्प्यातले तेवढेच पाच कागदावरच राहिले. ते झाले असते तर पाणी किती लागलं असतं, याचा हिशेब मी मांडून पाहिला.

पूर्ण भार धरला तर १३५० × २४ = ३२,४०० मेगावॅट-तास. केंद्राच्या २०१५च्या नियमानुसार कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांना मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त ३.५ घनमीटर पाणी. म्हणजे दिवसाला १,१३,४०० घनमीटर, अर्थात ११ कोटी लिटरच्या वर! यातलं बहुतेक वाफ होऊन उडतं, परत येत नाही.

हे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचं. त्यासाठीच शेतकरी रस्त्यावर उतरले होते. हरभऱ्याची एक पाळी ७ सेंटीमीटर धरा, हेक्टरी ७०० घनमीटर. म्हणजे रोज १६२ हेक्टरची एक पाळी गेली असती.

पेपरात आपण बॉयलरची कार्यक्षमता काढतो, पाण्याचं कुणी विचारत नाही. उद्या तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्ट लिहाल, तेव्हा हे गणित पहिल्या पानावर मांडा.