ताबा आणि मालकी : कागदपत्रांविना घेतलेली जुनी मोटार

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा महामार्ग राजनांदगाव व दुर्ग ही शहरे मागे टाकून रायपूरला पोहोचतो. भोसल्यांच्या अमदानीत याच दिशेने मराठी कुटुंबे छत्तीसगढात आली व रायपूरच्या तात्यापारासारख्या वस्त्यांत स्थिरावली. आज या मार्गाने जुन्या मोटारीही हस्तांतरित होत असतात. 'एमएच' अक्षरांची गाडी रायपुरात विकली जाते, तर रायपूरची 'सीजी 04' ही अक्षरे मिरवणारी गाडी विदर्भात जाते. मोटार काही तासांत राज्याची सीमा ओलांडते. तिचे कागद मात्र पुष्कळदा मागेच राहतात. अशा व्यवहारात ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते, हे पाहिले पाहिजे.

त्याच्या हाती पडतो तो केवळ ताबा. आपल्याकडील 1930 च्या मालविक्री कायद्याच्या 27 व्या कलमाचे तत्त्व असे की, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळू शकत नाही. या तत्त्वाला थोडे अपवाद आहेत. परंतु चोरीच्या वस्तूला ते सहसा उपयोगी पडत नाहीत. इंग्लंडमध्ये उघड्या बाजारात, दिवसाउजेडी, निष्कपटपणे घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क मानण्याची जुनी रूढी होती. तीही तेथे 1990 च्या दशकात रद्द झाली. भारताच्या कायद्याने ती कधी स्वीकारलीच नाही. तेव्हा पूर्ण किंमत मोजून, कसलाही संशय न येता घेतलेली मोटार चोरीची निघाली, तर ती मूळ मालकाकडे जाते आणि ग्राहकाला दाद मागावयाची ती विकणाऱ्याकडे. तो बहुधा सापडत नाही. शिवाय माल चोरीचा असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, हे पोलिसांना पटवून देण्याची पाळी येते ती वेगळीच. बाजारभावाहून फारच कमी किंमत आणि कागदांचा अभाव या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ते पटवणे कठीण होते.

'कागद हरवले आहेत' हे विक्रेत्याचे नेहमीचे उत्तर. ते खरेही असू शकते, परंतु त्याची परीक्षा सोपी आहे. नोंदणी प्रमाणपत्र हरवल्यास पोलिसांत कळवून नोंदणीकृत मालकाने परिवहन कार्यालयाकडे 26 क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करावा व दुय्यम प्रत मिळवावी, अशी तरतूद आहे. जो खरोखर मालक आहे त्याला हे करता येते. जो टाळाटाळ करतो, किंवा मुद्रांकाच्या कागदावरील करारनामा पुढे करून तेवढ्यावर भागेल असे सांगतो, त्याच्या म्हणण्यातच प्रश्नाचे उत्तर असते. मूळ मालक मृत असेल तर वारसाने तीन महिन्यांच्या आत आपल्या नावे नोंद करून घ्यावयाची असते. वारसाच्या नावे नोंद नसताना त्याच्या शेजाऱ्याने किंवा मेहुण्याने विकलेली गाडी ही भांडणाचीच खरेदी होय.

दुसरा धोका कर्जाचा. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या मोटारीच्या नोंदणीत तारणाचा शेरा असतो. कर्ज फिटल्यावर बँकेच्या सहीचा 35 क्रमांकाचा नमुना देऊन तो काढावा लागतो. प्रमाणपत्रच पाहिले नाही तर शेरा दिसणार कोठून? हप्ते थकले म्हणजे बँक गाडीच्या मागे येते. ती कोणाच्या दारात उभी आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते.

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार 'मालक' म्हणजे सामान्यतः ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो. ही व्याख्या विकणाऱ्यालाही जाचक ठरते. 2009 साली झालेल्या एका अपघातातील गाडी त्यापूर्वी हातोहात अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंद पहिल्याच माणसाच्या नावे राहिली होती. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. यावरून घेणारा सुटला असे मात्र कोणी समजू नये. चालक म्हणून त्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी राहतेच. आणि विमापत्र आपल्या नावे झालेले नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते.

परराज्यातील मोटार असेल तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो व तेथील करही भरावा लागतो. कागदांविना यांपैकी काहीच होत नाही. इंजिनावरील व चेसिसवरील क्रमांक प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहणे हे त्याहूनही आधीचे काम. अपघातात निकामी झालेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला जोडण्याची युक्ती जुनीच आहे. म्हणून खरे कागद असूनही फसगत होऊ शकते. हल्ली परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदींत वाहन क्रमांकावरून बरीच माहिती पाहता येते, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परवाना घेणे बंधनकारक केले आहे.

नोंदणीचा पुरावा नसलेली गाडी रस्त्यात अडविली गेली तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात. ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे उन्हापावसात सडणाऱ्या वाहनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली असे सांगितले की, जप्त वाहने दीर्घकाळ अडकवून न ठेवता योग्य हमी घेऊन ती परत करावीत. ती परत मिळावी म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जासोबत सर्वप्रथम मागितले जाते ते नोंदणी प्रमाणपत्र.