वसईचा कचरा वसईतच जिरवायचा तर...

'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की आपल्याला शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतो. पण रिसायकलिंग हा हस्तकलेचा विषय नाही. माझ्या मते तो आधी वाहतुकीचा हिशेब आहे, आणि तो वसई-विरारसाठी मांडून पाहण्यासारखा आहे.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून आपली महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 12 लाख 22 हजार होती. माणशी रोज 400 ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला 490 टन होतात. त्यानंतर लोकसंख्या किती वाढली, हे सकाळच्या विरार लोकलला लटकणाऱ्यांना सांगायला नको!

यातला निम्मा ओला धरू, म्हणजे 245 टन. भाजीच्या देठा-सालींत 70 टक्क्यांहून जास्त पाणी असते. म्हणजे गाडी गोखिवऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडकडे निघते तेव्हा डिझेल जाळून आपण बरेचसे पाणीच वाहून नेतो. सुक्या कचऱ्यात उलटी गंमत. सुट्ट्या रिकाम्या बाटल्यांचा एक घनमीटर जेमतेम 30 किलो भरतो, बाकी हवा. म्हणून ओला लांब न्यायचा नाही आणि सुका दाबून गठ्ठे बांधल्याशिवाय हलवायचा नाही.

ओल्याचे खत करायला कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण साधारण 30 ला 1, ओलावा 50-60 टक्के आणि खेळती हवा लागते. मग ढीग आपोआप 55-60 अंशांपर्यंत तापतो, त्यात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. हवा मिळाली नाही तर तोच कचरा मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक, आणि डम्पिंगच्या आगीही तोच पेटत्या ठेवतो.

245 टनांचे खत पाव हिस्सा धरले तरी रोज 60 टन. घेणार कोण? इथेच वसईचे नशीब मुंबईपेक्षा चांगले. केळी, पानवेली, दादरला जाणारी फुले पिकवणाऱ्या वाड्या आपल्या दाराशी आहेत. पण खतात एकदा काच किंवा बॅटरीचा सेल निघाला की वाडीवाला दुसऱ्यांदा पोते उचलत नाही. म्हणून 2016 च्या नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी थेट घरावर टाकली. आमटी सांडलेल्या रद्दीला भंगारवालाही भाव देत नाही, हे आईला आधीपासून ठाऊक असतेच.

सुक्याचे गिऱ्हाईक म्हणजे कारखाने. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. हा पैसा आज भंगाराच्या साखळीत फिरतो, वेचणाऱ्या बाईच्या हाती मात्र थोडाच येतो. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा वेचकच गोळा करू लागले, ओळखपत्रासह. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने तर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डम्पिंग ग्राउंडच लोकांनी पाहायला यावे असे केले. वेंगुर्ले लहान आहे, मान्य. पण आपणही प्रभागवार लहान होऊ शकतो की.

एक नफा मात्र ताळेबंदात दिसत नाही. वसईच्या गावांतली बावखले पावसाचे पाणी धरतात आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतात. कितीतरी बावखले भराव आणि कचऱ्याने बुजली. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरीत उतरले तर टँकरचे बिल कुठल्या खात्यात लिहिणार?

राहिली वेफर्सची चकचकीत पाकिटे. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, सुटे करणे परवडत नाही. ती सहसा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, आणि आपल्या राज्यातल्या मोठ्या भट्ट्या आहेत चंद्रपूरकडे. तेवढा प्रवास त्यांना करावाच लागणार, तोही गठ्ठे बांधूनच.