नक्षी शाबूत, तरी टायर जुना

प्रश्न : मोटार फारशी वापरात नसल्याने सात वर्षांनंतरही टायरची नक्षी खोल आहे; तरीही टायर बदलावेत का?

उत्तर : बदलावेत. नक्षीच्या खाचांच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर या कायदेशीर किमान मर्यादेवर आली, की झीज पूर्ण झाली असे मानतात. परंतु टायरचे वय ही झिजेहून वेगळी बाब आहे आणि कमी चालणाऱ्या मोटारीत नेमकी तीच दुर्लक्षित राहते. ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होते, त्याची ओल्या रस्त्यावरील पकड घटते, आणि आतील पोलादी तारांचे पट्टे व रबर यांमधील बंध कमकुवत होतो, जो बाहेरून दिसत नाही. रबरात मिसळलेले संरक्षक मेण टायर फिरताना, लवताना पृष्ठभागावर येत राहते. मोटार दीर्घकाळ उभी राहिल्यास हे संरक्षण कमी पडते व बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा उमटतात.

वय ओळखण्यासाठी टायरच्या बाजूवरील 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात, तर टायरनिर्माते सामान्यतः दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. खर्चामुळे दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे टायर मागील चाकांना लावावेत, कारण निसरड्या रस्त्यावर मागील चाके घसरली तर मोटार सावरणे अधिक कठीण असते. डिकीतील जादा टायरचे वयही याच वेळी तपासावे.