माल नंतर, आधी टाकी

टँकरवर पहिल्यांदा जाणारी मुलं विचारतात, ‘माल कोणता असतो?’ मी सांगतो, आधी टाकी कोणती ते विचारा. चीफ ऑफिसर म्हणून काम करताना मनावर ठसलेल्या या गोष्टी.

१. कच्च्या तेलाच्या जहाजात टाकी वेगळी बसवलेली नसते. जहाजाचं अंगच टाकी. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ खडकावर चढलं, तेव्हा तेल आणि समुद्र यांच्यात एकच पत्रा होता. आता दोन असतात, मधल्या जागेत बॅलास्टचं पाणी. त्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर बाकीची सगळी कामं थांबवा.

२. केमिकल टँकरवर अस्तर बघा. जस्ताच्या लेपाला आम्ल सोसत नाही. इपॉक्सी मिथेनॉल शोषून घेतं आणि पुढच्या मालात सोडतं. लेप बनवणाऱ्याची यादी उघडल्याशिवाय माल घेऊ नका, कंपनी कितीही घाई करो.

३. दाबाखालचा एलपीजी जाड दंडगोल टाक्यांत जातो; त्यांना दुसरी भिंत लागत नाही. थंड करून नेला, तर प्रोपेन उणे ४२ अंशांच्या आसपास असतो. तो गळून साध्या पोलादाला लागला, तर पोलाद ठिसूळ होऊन तडकतं. म्हणून सपाट भिंतींच्या टाकीभोवती थंडी सोसणारा दुसरा अडसर हवाच.

४. एलएनजी उणे १६२ अंशांवर. ॲल्युमिनियमचे मोठे गोल स्वतःच्या बळावर उभे असतात. मेंब्रेन टाकीचं तसं नाही. एका प्रकारात इन्व्हारचा, म्हणजे ३६ टक्के निकेलच्या मिश्रधातूचा, पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड. भार सगळा मागच्या इन्सुलेशनवर आणि जहाजावर. माणसाच्या बुद्धीची मला ही फार मोठी झेप वाटते. पण अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव उसळून भिंतींवर आदळतो. म्हणून समुद्रात टाकी जवळपास भरलेली ठेवायची, नाहीतर तळाशी थोडा माल. माल उतरवताना पातळी मधल्या पट्ट्यातून जाणारच, आणि नेमकं तेव्हा धक्का सोडावा लागला तर पंचाईत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाचा अंदाज घेऊनच पंप सुरू करावेत.

५. रिकामी टाकी सर्वांत फसवी. नायट्रोजनला वास नसतो आणि बंद बॅलास्ट टाकीत गंजसुद्धा ऑक्सिजन खातो. मीटरवर २०.९ टक्के दिसल्याशिवाय पाय टाकू नका. आत कोणी कोसळलेला दिसला, तरी धावत उतरू नका. अलार्म द्या, श्वसनसंच लावलेल्या माणसांनाच आत जाऊ द्या.