चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत शिकते. पावसाळ्यावरच्या इंग्रजी निबंधात तिने ‘स्ट्राँग रेन’ असं लिहिलं, पुढे आजीच्या हातच्या चहाला ‘पॉवरफुल टी’ म्हटलं आणि ‘आय डिड अ मिस्टेक’ असंही एक वाक्य घातलं. तिन्ही ठिकाणी बाईंनी लाल रेघ ओढली. मी शब्दकोश काढून बसलो. ‘स्ट्राँग’ म्हणजे जोरदार, ‘पॉवरफुल’ म्हणजे जोरदार, ‘हेवी’चाही एक अर्थ जोरदार. व्याकरण कुठे चुकलेलं दिसत नाही. मग चूक नेमकी कशाची? हे नियम केले कोणी आणि ते लिहून कुठे ठेवलेत? — एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या मुलीचं व्याकरण बरोबर आहे आणि शब्दांचे अर्थही तिला बरोबर ठाऊक आहेत. चुकल्या आहेत त्या जोड्या. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो, चहाही ‘स्ट्राँग’, इंजिन मात्र ‘पॉवरफुल’. चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. तिची वाक्यं वाचणाऱ्या इंग्रजाला सगळं समजेल, फक्त कानाला कुठेतरी खटकेल. काही शब्दांना ठरावीक शब्दांचीच सोबत लागते, या सवयीला भाषाशास्त्रात ‘कॉलोकेशन’ म्हणतात. आपण शब्दसाहचर्य म्हणू.

ही इंग्रजीचीच खोड आहे असा समज सर्रास आढळतो, म्हणून आधी आपलं घर तपासू. मराठीत चहा कडक असतो, ऊन कडक असतं, शिस्त आणि बंदोबस्तही कडक असतो. पाऊस मात्र मुसळधार असतो, धो धो असतो. ‘कडक पाऊस’ कोणी म्हणत नाही. काळोख मिट्ट आणि प्रकाश लख्ख. रान हिरवंगार आणि पाणी थंडगार, पण कुंकू ‘लालगार’ नव्हे, लालभडक. खाण्याचे पदार्थ खराब होतात तेव्हा तर मराठीची श्रीमंती पाहण्यासारखी असते : दूध नासतं, आमटी विटते, खोबरं खवट होतं, बटाटा कुजतो आणि भाकरी फक्त शिळी होते. कोणी पाहुणा ‘दूध विटलं’ म्हणाला तर आपल्याला अर्थ कळेल आणि त्याच क्षणी हेही कळेल की हा माणूस मराठी बाहेरून शिकलेला आहे. यातलं काहीही आपल्याला शाळेत शिकवलेलं नाही. घरात, अंगणात, बाजारात हजारदा ऐकून ते आपोआप मुरलं. इंग्रज मुलाचं ‘हेवी रेन’ही तसंच मुरलेलं असतं. तुमच्या मुलीला ते हजारदा ऐकायला मिळालेलं नाही, एवढाच फरक.

यामागे काही तर्क असेल की नाही? थोडा असतो, पण तो मध्येच हात सोडतो. ‘मेक’ आणि ‘डू’चंच पाहा. ज्यातून काही नवं तयार होतं तिथे ‘मेक’ आणि नुसतं काम उरकायचं असेल तिथे ‘डू’, असं शिक्षक सांगतात. केक ‘मेक’ करायचा, भांडी घासण्याचं काम ‘डू’ करायचं, इथवर ठीक. पण अंथरूण आवरून ठेवणं हे ‘मेक द बेड’ होतं आणि नासधूस होते तेव्हा ‘डू डॅमेज’. आता सांगा, अंथरूण आवरताना नवं काय तयार झालं? आपल्याला याचा त्रास अधिक होतो, कारण मराठीत ‘करणे’ हे एकच क्रियापद दोन्हींकडे पुरतं. तेव्हा तर्काने जोडी लावायला जाऊ नये. जोडी आधीपासून रूढ असते आणि तर्क आपण तिला मागाहून शोधतो.

जोड्या रूढ होतात त्या इतिहासामुळे, वापरामुळे आणि कधी नुसत्या कानाच्या आवडीमुळे. इतिहासाचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो कायद्याच्या इंग्रजीत. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे काही शतकं तिथे दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, जोडीला लॅटिन, आणि रयतेची भाषा इंग्रजी अशी स्थिती राहिली. त्या काळाच्या खुणा म्हणजे ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’ अशा जोड्या : पहिला शब्द इंग्रजी मुळाचा, दुसरा फ्रेंचमधून आलेला आणि दोन्हींचा रोख जवळपास एकाच गोष्टीकडे. यात परकं वाटण्यासारखं काही नाही. फारसी राजवटींच्या काळात आपल्याकडे हेच घडलं. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’ हे शब्द सोडवून पाहा. प्रत्येकात एक भाग फारसी-अरबीकडून आलेला आणि एक इथला आहे.

मात्र प्रत्येक जोडशब्द असा दोन भाषांच्या मीलनातून आला, हा समजही खरा नाही. तुमच्या घरात पासपोर्ट असेल तर त्यातली राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचा. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं असं तिथे छापलेलं असतं. यातले दोन्ही शब्द जुन्या इंग्रजी मुळाचे आहेत. इथल्या ‘लेट’चा उशिराशी संबंध नाही आणि ‘परवानगी देणे’ या अर्थाच्या ‘लेट’शीही नाही. अडथळा या अर्थाचा हा वेगळाच जुना शब्द आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून पलीकडे पडली की ‘लेट’ पुकारतात, तोही हाच. एकट्याने वावरण्याची ताकद संपल्यावरही एखादा शब्द जोडीदाराच्या आधाराने शेकडो वर्षं कसा टिकतो, याचं इतकं सुंदर उदाहरण सापडणं कठीण.

आता तुमचा दुसरा प्रश्न : नियम केले कोणी? कोणीही नाही. नोंदले मात्र पुष्कळांनी, आणि त्याची सुरुवात इंग्लंडमध्ये न होता जपानमध्ये व्हावी हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. ज्याला भाषा जन्माने मिळालेली असते त्याला या जोड्या दिसतच नाहीत. त्या टोचतात शिकणाऱ्याला. हॅरल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ १९२२ साली जपानी शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून तोक्योला गेले. जपानी विद्यार्थी नेमके तुमच्या मुलीसारखे अडखळताना पाहून त्यांनी इंग्रजीतल्या अशा रूढ जोड्यांची मोठी यादीच तयार केली आणि १९३३ साली ती अहवाल म्हणून प्रसिद्ध केली. या कामात त्यांना साथ होती ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाची. हॉर्नबींनी पुढे शिकणाऱ्यांसाठी एक शब्दकोश रचला. तो १९४२ साली, ऐन महायुद्धात, तोक्योत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आज आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत ज्याला ‘ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणतात, त्या जाडजूड कोशाचं मूळ हेच.

या विषयाला सिद्धांताची बैठक दिली ती लंडन विद्यापीठातल्या जे. आर. फर्थ यांनी. ते १९१९ पासून जवळजवळ नऊ वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. एखाद्या शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात पाहू नका, तो कोणाकोणाच्या संगतीत वावरतो ते पाहा, असं त्यांनी १९५०च्या दशकात आग्रहाने मांडलं. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी १९६६ साली हेच समजावताना जी उदाहरणं घेतली ती म्हणजे ‘स्ट्राँग टी’ आणि ‘पॉवरफुल कार’. तुमची मुलगी जिथे अडली तिथेच हा अभ्यास कधीकाळी उभा राहिला, हे तिला जरूर सांगा.

पण संगत मोजायची कशी? ‘मला असं वाटतं’ म्हणून भागत नाही. त्यासाठी छापील मजकुराचे मोठे साठे संगणकात भरले गेले. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे १० लाख शब्दांचा साठा केला : ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच साठा पुढे झाला. आणि भारतीय इंग्रजीचा? तो झाला आपल्या कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून त्याच मापाचा, १० लाख शब्दांचा साठा तयार झाला. जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखतात. भाषेच्या अभ्यासात या गावाचं नाव असं कायमचं कोरलेलं असताना ते आपल्यातल्या फारच थोड्यांना माहीत असावं, याचं वाईट वाटतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. जे शब्द वारंवार शेजारी येतात त्यांची जोडी पक्की, असं सहज वाटतं. तसं असतं तर इंग्रजीतली सर्वांत घट्ट जोडी ‘ऑफ द’ ठरली असती. पण हे दोन शब्द मुळातच इतके बोकाळलेले आहेत की ते जागोजाग भेटणारच. खरा प्रश्न असा : निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा भेटले असते, त्याहून हे शब्द किती जास्त वेळा भेटतात? समजा, १० लाख शब्दांच्या साठ्यात एक शब्द १,००० वेळा येतो आणि दुसरा १०० वेळा. सगळे शब्द कसेही विखुरले असते, तर पहिल्याच्या लगेच मागे दुसरा येण्याची अपेक्षा ०.१ वेळा, म्हणजे असे दहा साठे चाळले तर एकदा. प्रत्यक्षात ती जोडी एकाच साठ्यात २० वेळा सापडली, तर ती अपेक्षेच्या २०० पट झाली. याला योगायोग म्हणता येत नाही. १९९० साली केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी ही तुलना गणिती मापात बसवून कोशकारांच्या हाती दिली. त्याआधी, १९८७ साली, बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने संगणकातल्या साठ्याच्या आधारावर ‘कोबिल्ड’ हा कोश बाहेर काढलाच होता.

साठे चाळताना एक गोष्ट अशी दिसली, जी इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्याही ध्यानात आली नव्हती. काही शब्दांच्या संगतीला चांगल्या-वाईटाचा रंग असतो. ‘कॉज’ या क्रियापदाचा कोशातला अर्थ नुसता ‘घडवून आणणे’. पण त्याच्यापुढे बहुतेक वेळा येतात ते त्रास, नुकसान, मृत्यू, आजार. आनंद किंवा यश क्वचित. मराठीतलं ‘कारणीभूत’ आठवून पाहा. अपघाताला, भांडणाला, पराभवाला कोणीतरी कारणीभूत असतं. मुलीच्या पहिल्या नंबराला आपण शिक्षकांना ‘कारणीभूत’ म्हणत नाही, त्याचं ‘श्रेय’ देतो. कोशात हा रंग सहसा दिसत नाही, म्हणून नुसता अर्थ पाहून लिहिणारा माणूस नकळत ‘तुमच्या भेटीने आनंद कॉज झाला’ असं लिहून जातो.

आपल्याकडचं इंग्रजी मग सरसकट चूक म्हणायचं का? मी तसं म्हणणार नाही. ‘डू द नीडफुल’ हे एकेकाळी ब्रिटिश कचेऱ्यांतही सर्रास लिहिलं जाई. तिकडे ते मागे पडलं, आपल्या सरकारी पत्रांत राहिलं. ती इथली रूढ जोडी आहे आणि इथे तिने कोणाचाही गोंधळ होत नाही. पण ‘गिव्ह अॅन एक्झाम’ची गोष्ट वेगळी. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून इंग्रजीतही ‘गिव्ह’ लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या मते मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ होतो, आणि ‘गिव्ह’ करणारा असतो तो परीक्षा घेणारा शिक्षक. म्हणजे वाक्याचा अर्थच उलटतो. जिथे अर्थ उलटतो किंवा धूसर होतो तिथे दुरुस्ती आवश्यक. जिथे नुसता कान चमकतो तिथे जरा सबुरीने घ्यावं. या हिशेबाने तुमच्या मुलीच्या तिन्ही जोड्यांवर बाईंनी रेघ ओढली ते योग्यच केलं, कारण त्याशिवाय तिला कळणार कसं? पण आठवीतल्या मुलीचे यासाठी गुण कापले असतील तर ते मला पटत नाही. विचार आणि व्याकरण दोन्ही तिचं स्वतःचं आहे. जोड्या वाचनाने येतात आणि त्याला वेळ लागतो.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, जोडीदार सांगत नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या आणि शोधताना विशेषणाकडे न जाता नामाकडे जा. ‘स्ट्राँग’ उघडलं तर रकाने वाचूनही हाती काही लागणार नाही. ‘विंड’ उघडलं तर उदाहरणाच्या दोन-तीन वाक्यांत त्याची विशेषणं सापडतील. वहीत सुटा शब्द लिहू नये, जोडी लिहावी आणि शेजारी तिची विरुद्ध जोडीही. चहा ‘स्ट्राँग’ नसेल तर ‘वीक’. पाऊस ‘हेवी’ नसेल तर ‘लाइट’. वाऱ्याच्या वेळी मात्र सांभाळून : तो जोराचा असताना ‘स्ट्राँग’, पण मंद झाला की त्याच्यासाठी ‘लाइट’ हाच शब्द रुळलेला आहे.