शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीच्या भिंती

शास्त्रभाग : लूक १३:१–५, अनुवाद २२:८

जपानात किंवा हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मनुष्यास भूमी हालते हे लहानपणीच कळते. आमच्या दक्खनच्या पठारावर तसे नाही. येथे कित्येक माणसे जन्मतात, म्हातारी होतात व मरून जातात, तरी पायांखालची जमीन हालल्याचा अनुभव त्यांस एकदाही येत नाही. म्हणून ती हालली म्हणजे मनुष्य प्रथम भितो, आणि भय ओसरण्याच्या आतच त्या हालण्याचा अर्थ शोधू लागतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ मापाचा धक्का बसला व तो नांदेड, परभणीकडेही जाणवला. त्याच वर्षी १० जुलैस पुन्हा तसाच बसला. अशा प्रसंगी गावात जो प्रश्न निघतो तो बहुधा एकच : हे कोणाच्या पापामुळे झाले? उपदेशकास त्याचे उत्तर द्यावे लागते. ते त्याने देवाच्या वचनातून द्यावे, पारावरच्या गप्पांतून देऊ नये, म्हणून हा पाठ.

प्रथम जे घडले ते नीट ध्यानात घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असता, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत ६.२ मापाचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे थोड्याच क्षणांत ढिगारे झाली आणि हजारो माणसे अंथरुणातच मेली. हा प्रदेश त्या वेळच्या सरकारी नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यात आला. त्यापूर्वी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला पहाटे मोठा भूकंप होऊन सुमारे दोनशे माणसे दगावली होती. परंतु तेथे नवे धरण भरले होते, त्याच्या पाण्याशी त्या धक्क्यांचा संबंध विद्वानांनी जोडला, आणि बाकीचा महाराष्ट्र निश्चिंत राहिला.

कारण काय, म्हणाल तर विद्वान असे सांगतात की, ज्या प्रचंड खडकाच्या पाट्यावर आपला देश आहे तो पाटा दरसाल सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत आहे व आशियाच्या भूमीस रेटीत आहे. त्या रेट्याने हिमालय उंचावला. तोच ताण पाट्याच्या मध्यभागीही हळूहळू साठतो, आणि जुनी भेग असेल तेथे शेकडो किंवा हजारो वर्षांनी एकदा सुटतो. आमचा काळा पाषाण कठीण आहे हे खरे. पण कठीण वस्तू ताण सोसते व मग एकदम तुटते, हे ज्याने विहीर खणताना सुरुंग लावला आहे त्यास वेगळे सांगावयास नको.

आता शास्त्रभागाकडे वळू. प्रभूपुढे लोकांनी पिलाताने मारविलेल्या गालीलकरांची गोष्ट आणली. त्यांच्या मनात काय आहे हे ओळखून प्रभूने स्वतःहून दुसरी गोष्ट काढली : शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली ती. ही माणसे यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक दोषी होती काय? प्रभूचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्यानंतर तो मेलेल्यांविषयी एक शब्दही बोलत नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा असे सांगतो. दंड मेलेल्यांवर लादावा व आपण सुटावे, ही जी मनुष्याची आवडती वाट, ती त्याने बंद केली. कित्येक उपदेशक या भागातील पश्चात्तापाची आज्ञा मोठ्याने वाचतात आणि तिच्या आधीचा नकार हळूच वाचतात. हे बरे नव्हे.

किल्लारीकडे पाहिले तरी हा नकार खरा ठरतो. तेथे ज्यांची घरे मोठी, दगडी, माळवदाची होती ते अधिक दडपले गेले. ज्यांस कुडाच्या भिंती व गवताचे छप्पर होते त्यांच्यापैकी पुष्कळ वाचले. मग झोपडीतले सर्व पुण्यवान आणि वाड्यातले सर्व पापी असे म्हणावे काय? आणि त्या वाड्यांत जी तान्ही लेकरे निजली होती त्यांनी कोणते पाप केले होते? १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड होय असे लिहिले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास उघड विरोध केला. अस्पृश्यता हे पाप आहे याविषयी आमच्या मंडळ्यांस कोणी शिकवावयास नको. ज्यांनी ते सोसले त्यांचीच आपण मुले-नातवंडे आहोत. तरीही हा युक्तिवाद आम्हांस मान्य होत नाही. कारण बिहारात जी घरे पडली ती स्पृश्याची व अस्पृश्याची निवड करून पडली नाहीत. पापाला पाप म्हणावयास भूकंपाची साक्ष लागत नाही.

मग देवाचा या गोष्टीशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो अनुवाद २२:८ मध्ये पाहावा. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी खाली पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो, असा तेथे नियम आहे. पडणाऱ्याचे पाप किती, हे नियमशास्त्र विचारीत नाही. बांधणाऱ्याने काय केले, हे विचारते. आमच्या मते या विषयावर सबंध शास्त्रात याहून उपयोगी वचन नाही.

किल्लारीच्या घरांच्या भिंती दोन-दोन हात रुंद होत्या व त्या रुंदीचाच लोकांस भरवसा होता. परंतु भिंतीचा बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी व माती. दोन्ही पदरांस बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर मातीचे माळवद, आणि ते गळू लागले की दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी मातीचा थर. पिढ्यान् पिढ्या ते ओझे वाढत गेले. जमीन हालली तेव्हा भिंतीचे पदर दोहींकडे फुटले व माळवद खाली आले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब व तुळया तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याखाली निजलेल्यांवर भोवतालचे दगड ढासळले. तेवढ्याच मापाचा धक्का जपानात बसला तर तेथे माणसे क्वचितच मरतात. किल्लारीत ज्यांनी ती घरे बांधली ते दुष्ट नव्हते. आजोबांनी बांधले तसे त्यांनी बांधले. पण आज आम्हांस हे ठाऊक झाले आहे, आणि ठाऊक झाल्यावर कठड्याचा नियम आम्हांस लागू पडतो.

आणखी एक गोष्ट. १९९२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर निजले, मग घरात परतले. परतणार नाहीत तर काय करतील? लहान धक्क्यांमागून मोठा येईलच असे नाही, आणि येईल तर कोणत्या घटकेस, हे आजही कोणास सांगता येत नाही. म्हणून जो कोणी तारीख व वेळ सांगत गावात फिरतो, मग तो बगलेत बायबल घेऊन का फिरेना, त्याचे ऐकू नये. मत्तय २४ मध्ये प्रभूने भूमिकंपांचा उल्लेख केला तो शिष्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून. दिवस मोजण्यासाठी नव्हे.

तेव्हा जेथे जमीन हालल्यासारखी वाटली असेल तेथील उपदेशकाने एखाद्या रविवारी दुपारी जाणत्या गवंड्यास बरोबर घेऊन मंडळीची घरे पाहावीत. कोणत्या भिंतीचे पोट फुगले आहे, कोपऱ्यांत उभी भेग आहे काय, माळवदावर किती हात माती चढली आहे, खाट भिंतीला लागून आहे की दूर, हे पाहावे. माती उतरविण्यास पैसा लागत नाही, चार माणसांचे हात लागतात. विधवेच्या घरी ते तरुणसंघाने द्यावेत. नवी भिंत बांधताना आरपार दगड घालावेत, आणि दारांच्या वर सर्व भिंतींस एकत्र बांधणारा पट्टा घालण्यास गवंड्यास सांगावे. पाहणीचा प्रारंभ मात्र प्रार्थनामंदिरापासून व्हावा. पुष्कळ गावांत ते जुने, दगडमातीचे व उंच भिंतींचे असते, आणि रविवारी सारी मंडळी लेकराबाळांसह त्याच छपराखाली बसते.