पाण्याआधी पत्रा

वॉटर कूलिंगचं नाव काढलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "आणि पाणी गळलं तर?" माझं मशीन गेलं तेव्हा पंप, नळ्या आणि रेडिएटरच्या लूपमधून थेंबभरही पाणी बाहेर आलं नव्हतं. मदरबोर्डच्या पाठीमागे, सोल्डरच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा एक कीस आडवा पडला होता. दुरुस्तीवाल्याने तो भिंगाखाली चिमट्याने उचलून दाखवला. कॅबिनेटचं छत कापताना उडालेला तो चुरा. म्हणून हे लिहितोय. पाण्याची धास्ती सगळे घालतात, पत्र्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझं काम डबिंगचं आणि साउंड एडिटिंगचं. अंधेरी पश्चिमेला अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. माइक, आर्टिस्ट आणि मशीन एकाच चार भिंतींत असतात. मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून केबल ओढणं हा खरा उपाय, पण इथल्या भाड्यात दुसरी खोली परवडते कोणाला? प्रोसेसर तापला की पंखे किंचाळायला लागतात आणि हळुवार संवादाखाली ती घरघर येऊन बसते. मोठा रेडिएटर लावला तर तेच पंखे सातशे-आठशे फेऱ्यांवर फिरवून भागतं. जुनं कॅबिनेट मला सोडायचं नव्हतं, कारण त्याचा पत्रा जाड होता, बाजूला काच नव्हती आणि आवाज आत दाबून धरायचं. अडचण छताची होती. तिथे तीन पंख्यांचा, म्हणजे 360 चा रेडिएटर बसायला जागा नव्हती.

आताच सांगतो, नवीन मशीन बांधत असाल तर या फंदात पडू नका. 360 चा रेडिएटर सरळ बसेल अशी कॅबिनेट आज सहज मिळतात. कापाकापी करायची तर माझ्यासारखं काही ठोस कारण हवं. नुसती हौस असेल तरी चालेल म्हणा, पण मग निदान ती हौस आहे हे स्वतःशी कबूल करावं.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त उचलून दुसरीकडे नेऊन टाकतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 600 वॉट खात असतील, तर ते 600 वॉट अखेर खोलीतच येतात आणि एसीवर तेवढा भार पडतो. लूपमध्ये लिटरभर पाणी असलं आणि रेडिएटरचे पंखे बंद पडले, तर ते पाणी मिनिटाला साधारण साडेआठ अंशांनी तापतं. त्यामुळे पंखे आणि पंप दोघांच्याही फेऱ्यांवर अलार्म हवाच. मुंबईच्या दमट हवेत नळीवर दव धरेल का, असंही बरेच जण विचारतात. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तपमानाखाली नेऊच शकत नाही, तेव्हा साध्या लूपवर दव धरत नाही. चिलर जोडायचा विचार असेल तर मात्र पावसाळ्यात तुमची गाठ दवाशीच आहे. वॉटर कूलिंग हा काही नुसता गेमिंगवाल्या पोरांचा खेळ नाही. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' हा सीडॅकचा महासंगणकही थेट चिपपर्यंत द्रव नेऊनच थंड ठेवतात.

आता पत्रा. अंधेरीकरांना कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही. साकीनाका आणि मरोळ एमआयडीसीच्या गाळ्यांमध्ये पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे शेजारी-शेजारी सापडतात. प्रश्न एवढाच असतो की त्यांच्या हिशेबात आपलं कॅबिनेट म्हणजे नुसता एक डबा असतो. मी ज्या गाळ्यात पहिल्यांदा गेलो तिथे जिगसॉने कापायचं ठरलं होतं. मी चहाला गेलो तेवढ्यात पोराने ग्राइंडर लावला. काम झटपट झालं, दिसायलाही सुबक. पण ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे वितळलेलं लोखंडच. ते रंगात रुततं, आणि जवळ काच असली तर तिच्यावर खड्डे पाडतं. शिवाय गोल चकतीला आतला कोपरा गाठता येत नाही, ती रेषेच्या पुढे जातेच. बारीक दात्यांचं, लोखंड कापायचं ब्लेड लावून, खाली प्लायचा आधार देऊन, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून जिगसॉ चालवला तर वेळ लागतो, पण कीस जाडसर पडतो आणि दिसतो. कोपऱ्यांना आधी ड्रिलने भोकं पाडून घेतली की ब्लेड तिथे वळवता येतं.

तो चुरा गेला कुठे, हे मला मशीन गेल्यावर कळलं. कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात, रिव्हेटखाली फटी असतात, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला पोकळ बाजू असतात. ब्लोअर मारला की वरचा चुरा उडतो आणि उरलेला त्या घड्यांमध्ये आणखी आत जाऊन बसतो. मग पंख्यांची हवा आणि पंपाची थरथर त्याला हळूहळू बाहेर काढते. मशीन कित्येक दिवस सुरळीत चाललं ते त्यामुळेच. खोललं तेव्हा पंख्यांच्या मधल्या चकतीला चुऱ्याच्या मिशा फुटल्या होत्या, कारण मोटरमध्ये चुंबक असतं.

त्यावरून सुचलेला उपाय आता मी सगळ्यांना सांगतो. कापण्याआधी कॅबिनेट पूर्ण नागडं करायचं. मदरबोर्ड तर काढायचाच, पण एसएमपीएस, पुढच्या बटणांच्या वायरी, जाळ्या, पंखे, सगळंच काढायचं. शक्य असेल तर रिव्हेट फोडून छत वेगळं करून एकटंच गाळ्यात न्यायचं. परत आणल्यावर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक कडेवरून फिरवायचं. पिशवी उलटी केली की चुरा आपोआप सुटतो. मग वर्तमानपत्रावर कॅबिनेट उलटं धरून लाकडी मुठीने ठोकायचं. काळ्या तिळासारखे कण पडतात. फिरवायचं, पुन्हा ठोकायचं. कागद कोरा राहीपर्यंत हे थांबवायचं नाही. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटला चुंबक चालत नाही, तिथे साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवण्याला पर्याय नाही.

मापाचं एका लेथवाल्या काकांनी मला नीट शिकवलं. "साहेब, तोंडी मापावर मी कोणाचंच काम घेत नाही. कागदावर काढून आणा, आणि वस्तूही सोबत आणा," असं म्हणून त्यांनी मला सरळ परत पाठवलं. त्यांचं बरोबर होतं. 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर 105 असतं. तीन पंखे लागून बसले की 105, मग 15, पुन्हा 105, 15, 105, असं एकूण 345 मिलिमीटर होतं. नावाला 360 असलेला रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट चाळीस सेंटिमीटरच्या जवळ जातो. 140 च्या पंख्यांत भोकांचं अंतर 124.5, आणि दोन पंख्यांमधली जागा कंपनीगणिक बदलते. म्हणून रेडिएटर हातात आल्याशिवाय खूण करायची नाही. पुठ्ठ्याचा साचा कापा, मदरबोर्ड आणि रॅम जागेवर बसवा, मग पाहा. 30 मिलिमीटरचा रेडिएटर अधिक 25 चा पंखा म्हणजे 55 मिलिमीटर खाली उतरणार. त्यात प्रोसेसरच्या वीजजोडणीचा प्लग अडकतो, आणि तो नेमका वरच्या कोपऱ्यात असतो. चारी बाजूंनी पुरेशी कड ठेवा. सगळंच कापून टाकलं तर छत लेचंपेचं होतं आणि पंख्यांबरोबर थरथरायला लागतं.

कापलेली कड उघडी सोडू नका. कापताना पत्र्याच्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला असतो आणि वर्सोव्याकडून येणारी खारी हवा काही वाट पाहत बसत नाही. कानस मारून, रेड ऑक्साइड लावून, मग रंग आणि त्यावर रबराचं बीडिंग. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टी दोनशे अंशांच्या आसपास जाते, प्लॅस्टिकचा एकही तुकडा आत राहता कामा नये.

पत्र्याइतकाच घातक स्क्रू. 25 मिलिमीटरचा पंखा आणि एक मिलिमीटरचा पत्रा असेल तर 30 लांबीचा एम3 स्क्रू रेडिएटरमध्ये जेमतेम चार मिलिमीटर शिरतो. दुकानदाराने 35 चा दिला तर तोच स्क्रू पाण्याच्या नळीत घुसतो आणि नवाकोरा रेडिएटर तिथेच संपतो. शिवाय काही कंपन्या एम3 ऐवजी वेगळ्या आट्याचा स्क्रू वापरतात. हाताने सहज फिरला नाही तर जोर लावू नका.

पंप कापलेल्या पत्र्यावर थेट कसू नका. डी5 पंप पूर्ण वेगात 4800 फेऱ्यांवर फिरतो, म्हणजे बरोबर 80 हर्ट्झ. पत्रा तो सूर उचलतो आणि माइकला ऐकवतो. खाली स्पंज घालून वेग उतरवला की तो जातो. आवाजासाठी एवढा खटाटोप करून पंपाचाच आवाज विकत घेणारे मी पाहिलेत.

आता पाणी. नळाचं नको, त्यात क्षार आणि क्लोरीन असतं. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक, किंवा तयार कूलंट वापरा. रेडिएटर आणि प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक एकाच जातीच्या धातूचे घ्या. तांब्याच्या ब्लॉकसोबत स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. भरण्याआधी हवेच्या पंपाने अर्धा बार दाब देऊन तपासा. मात्र खोलीचा एसी चालू-बंद करू नका. तपमान 31 वरून 24 अंशांवर आलं की गळती नसतानाही काटा 0.465 पर्यंत खाली येतो आणि माणूस उगाच फिटिंग आवळत बसतो. पाणी भरल्यावर पहिल्यांदा फक्त पंप चालवायचा. एसएमपीएसची 24 पिनची केबल मदरबोर्डपासून सुटी करून हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली की तो एकटा सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि रात्रभर थांबायचं.

लूपच्या सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचा नळ हवाच. तो नसेल तर पाणी बदलताना भरलेलं अवजड कॅबिनेट बादलीवर तिरकं धरायला दोन माणसं लागतात आणि तेव्हाच पाणी ग्राफिक्स कार्डावर सांडतं. त्या नळासाठी तळाला एक भोक लागेल. फिटिंग गाळ्यात सोबत न्या आणि छत कापतानाच ते पाडून घ्या, कारण लूप भरल्यानंतर आठवलं तर मशीन पुन्हा शेवटच्या स्क्रूपर्यंत उतरवून, चुंबकाची पिशवी पुन्हा काढावी लागते.